बॅश स्क्रिप्टमध्ये फंक्शन वर लिहावं की खाली?

प्रश्न थोडक्यात असा: रात्रीच्या बॅकअपची दोनशेएक ओळींची बॅश स्क्रिप्ट आहे. वाचणाऱ्याला आधी मुख्य काम दिसावं म्हणून ते फाइलच्या सुरुवातीला लिहिलं आणि फंक्शन्स सगळ्यात खाली ठेवली. चालवल्यावर 'कमांड नॉट फाउंड' (अशी कमांड सापडली नाही). एक सहकारी म्हणतो सगळी फंक्शन्स वर हलव, दुसरा म्हणतो त्यांची वेगळी फाइल कर. जावास्क्रिप्टमध्ये असंच लिहिलेलं बिनतक्रार चालतं, मग इथे काय बिघडलं?

आधी कामापुरतं उत्तर. डेफिनिशन्स वर, कॉल शेवटी. त्यातही नुसती फंक्शन्स वर हलवून थांबू नका. जे काम आज मोकळं पडलं आहे तेही एका फंक्शनमध्ये घाला आणि फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर फक्त त्या एका फंक्शनला बोलवा. वेगळी फाइल इतक्यात नको. घाईत असाल तर एवढ्यावर काम भागेल. पण बॅकअपची स्क्रिप्ट आहे, तेव्हा कारण समजून घेतलेलं बरं, कारण तुमच्या सध्याच्या रचनेत 'कमांड नॉट फाउंड'पेक्षा वाईट गोष्टी दडल्या आहेत.

बॅश म्हणजे लिहिलेल्या कमांड्स चालवणारा प्रोग्राम, आणि तो फाइल आधी पूर्ण वाचत नाही. तो एक कमांड वाचतो, ती चालवतो, मग पुढची वाचतो. टर्मिनलवर कोणीतरी बसून एकेक ओळ टाइप करतंय असं समजूनच तो फाइलकडे बघतो. फंक्शनची डेफिनिशन हीसुद्धा त्याच्या दृष्टीने चालवायची एक कमांडच. ती चालली की 'या नावाला हे काम' अशी नोंद होते, त्याआधी ते नाव त्याला ठाऊकच नसतं. जावास्क्रिप्टचं इंजिन कोड चालवण्यापूर्वी फंक्शन डिक्लरेशन्स उचलून ठेवतं, म्हणून तिथे कॉल वर असला तरी चालतो. (तिथेही फंक्शन एखाद्या कॉन्स्टमध्ये ठेवलं असेल तर ही सवलत नाही.) पीएचपीमध्ये सर्वात बाहेरच्या पातळीवरच्या फंक्शन्सना अशीच मुभा आहे. पायथन मात्र या बाबतीत बॅशच्या बाजूचा: डेफ ओलांडून पुढे गेल्याशिवाय नाव तयार होत नाही.

आता तुमची स्क्रिप्ट बघू. खालच्या उदाहरणांत फंक्शनची नावं देवनागरीत लिहिली आहेत. बॅशला ती खरोखर चालतात, व्हेरिएबलची नावं मात्र चालत नाहीत. डेबियन-उबंटूवर एसएच नावाने जो डॅश (बॅशसारखाच, पण छोटा प्रोग्राम) बसलेला असतो त्यालाही अशी फंक्शन्स चालत नाहीत, त्यामुळे ऑफिसच्या सर्व्हरवर हा हौशीपणा करू नका. एकटा अपूर्णविराम म्हणजे काहीही न करणारी कमांड, इथे ती जागा धरायला ठेवली आहे.

बॅकअप_घे
जुने_काढ

बॅकअप_घे() {
    :   # टार, आरसिंक वगैरे कॉपीच्या कमांड्स
}

जुने_काढ() {
    :   # तीस दिवसांपूर्वीच्या फाइल्स
}

पहिल्या ओळीवर बॅश बॅकअप_घे नावाचं काही शोधतो, सापडत नाही, तक्रार छापतो आणि त्या कमांडचा एक्झिट कोड (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) 127 धरतो. मग थांबतो का? नाही. सेट -ई ('कमांड फसली की थांब' अशी सूचना) लावलेलं नसेल तर तो निवांत पुढच्या ओळीवर जातो. तिथेही तेच. त्यानंतर दोन डेफिनिशन्स लागतात, त्या व्यवस्थित चालतात आणि स्क्रिप्ट संपते. पूर्ण स्क्रिप्टचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. शेवटची कमांड काय होती? फंक्शनची डेफिनिशन. तिचा कोड शून्य, म्हणजे यशस्वी.

थोडक्यात, बॅकअप झालाच नाही आणि स्क्रिप्ट मात्र 'सगळं ठीक' सांगून मोकळी. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून चालत असेल आणि कोणी फक्त एक्झिट कोडवर लक्ष ठेवून असेल, तर मॉनिटरिंगवर हिरवा दिवा लागलेला दिसेल. तुम्ही स्क्रिप्ट हाताने चालवलीत आणि तक्रार डोळ्यांना दिसली, हे चांगलं झालं.

याच्या पुढची पायरी जास्त फसवी आहे. समजा तुम्ही फंक्शनला सिंक असं इंग्रजी नाव दिलं आहे, कारण त्यात आरसिंक चालवायचं आहे. या नावाची कमांड लिनक्समध्ये आधीपासून आहे; ती मेमरीत अडकलेला डेटा डिस्कवर उतरवते. डेफिनिशनच्या आधी कॉल आला तर बॅश ती खरी कमांड चालवेल. ती यशस्वी होईल. तक्रारसुद्धा छापली जाणार नाही. इन्स्टॉल, स्प्लिट, टेस्ट ही नावंही अशीच आधीच घेतलेली आहेत. उलट डेफिनिशन आधी चालली असेल तर तुमचं फंक्शन खऱ्या कमांडला झाकून टाकतं, कारण नाव शोधताना बॅश फंक्शन आधी बघतो, मग आतल्या कमांड्स आणि शेवटी पाथमधल्या (कमांड्स शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीतल्या) फाइल्स. म्हणून फंक्शनला दोन शब्दी, कामाचं नाव द्यावं. टाइप ही कमांड त्या नावापुढे लिहून बघितली की ते आधीच कोणाचं आहे का ते कळतं.

आणखी एक गोंधळ हमखास भेटतो: 'काल चालत होतं, आज चालत नाही'. स्क्रिप्ट नेहमीसारखी न चालवता सोर्स करून चालवली की ती चालू शेलमध्येच (टर्मिनलमध्ये आधीच चालू असलेल्या बॅशमध्येच) चालते आणि तिची फंक्शन्स त्या टर्मिनलमध्ये मागे राहतात. पहिल्यांदा सोर्स केलं तेव्हा वरचे कॉल फसले, पण खालच्या डेफिनिशन्स नोंदल्या गेल्या. दुसऱ्यांदा सोर्स केलं तर वरचे कॉल चालले! माणसाला वाटतं, आपोआप दुरुस्त झालं. त्याहून मजा म्हणजे आता फंक्शनमध्ये बदल करून तिसऱ्यांदा सोर्स करा: वरच्या ओळी जुन्याच डेफिनिशनने चालतील, कारण नवी अजून खाली वाचायची आहे. बदल एक फेरी उशिरा लागू होतोय असं दिसेल. शंका आली की नवं टर्मिनल उघडून स्क्रिप्ट तिच्या नावाने चालवा.

तर रचना अशी असावी:

मुख्य() {
    तपासणी
    बॅकअप_घे
    जुने_काढ
}

तपासणी() {
    :   # डिस्कवर जागा, माउंट
}

बॅकअप_घे() {
    :
}

जुने_काढ() {
    :
}

मुख्य "$@"

(शेवटच्या ओळीतलं "$@" म्हणजे स्क्रिप्टला दिलेली आर्ग्युमेंट्स तशीच पुढे देणं.) नीट बघा, मुख्य सगळ्यात वर आहे आणि ते ज्यांना बोलवतं ती फंक्शन्स त्याच्या खाली आहेत. तरी हे चालतं. फंक्शनची डेफिनिशन वाचताना बॅश आतली रचना तपासतो, पण आतली नावं शोधायला जात नाही. तो शोध कॉलच्या वेळी होतो. शेवटची ओळ येईपर्यंत चारही नावं नोंदलेली असतात. फंक्शन्सचा आपसातला क्रम कसाही चालतो, अट एकच की पहिला खरा कॉल होण्यापूर्वी सगळ्या डेफिनिशन्स होऊन गेलेल्या असाव्यात.

म्हणजे 'मुख्य काम वर दिसावं' हा तुमचा मूळ हेतू चुकीचा नव्हता आणि तो सोडायचीही गरज नाही. यावर मतभेद आहेत. गूगलची शेल लिहिण्याची जी जाहीर नियमावली आहे, तिच्यात मेन (म्हणजे आपलं मुख्य) हे सगळ्यात खालचं फंक्शन असावं असं सांगितलं आहे. फंक्शन्स कॉन्स्टंट्सच्या लगेच खाली एकत्र असावीत आणि त्यांच्यामध्ये चालणारा कोड लपवू नये, असंही आहे. शेवटचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. दोन फंक्शन्सच्या मध्ये एखादी सीडी किंवा एक्सपोर्ट टाकून ठेवलेली असते आणि ती शोधण्यात दुपार जाते. मेनच्या जागेबद्दल मात्र मी आडमुठा नाही. टीममध्ये मेन खाली ठेवायची पद्धत असेल तर तिथे ठेवा, फाइल उघडून थेट तळाशी जायची सवय होते. एकट्याची स्क्रिप्ट असेल आणि वर्षाने कोणीतरी दुसराच ती उघडणार असेल, तर मला ते वर आवडतं.

फंक्शन्सच्या आधी काय चालेल? शेबँग (स्क्रिप्ट कोणी चालवायची ते सांगणारी पहिली ओळ), सेटच्या ओळी, न बदलणारे पाथ आणि नावं, दुसरी फाइल सोर्स करायची असेल तर ती. बस. ज्याने डिस्कवर काही बदलतं ते सगळं मुख्यमध्ये.

सगळं फंक्शनमध्ये गुंडाळण्याचा आग्रह का, हे आता सांगतो. एका ग्राहकाकडे रात्री कॉपीची लांबलचक स्क्रिप्ट चालायची, तीन-चार तास. ती चालू असतानाच कोणीतरी वरच्या भागात दोन ओळींची टिप्पणी वाढवून फाइल सेव्ह केली. बॅश फाइल तुकड्यातुकड्याने वाचतो आणि आपण कितव्या बाइटपर्यंत आलो ते लक्षात ठेवतो. मोठी कॉपी संपल्यावर तो त्याच बाइटपासून पुढे वाचायला गेला. पण वर मजकूर वाढल्यामुळे त्या जागी आता आधीच चालून गेलेल्या ओळीचं शेपूट आलं होतं. अर्धवट शब्दाला 'कमांड नॉट फाउंड' आलं आणि मग कॉपी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिथे नशिबाने कॉपीच होती. डिलीटची ओळ मधूनच तुटून वाचली गेली असती तर काय, हा विचार करा.

हे सगळ्याच एडिटरांत होत नाही. जो जुनी फाइल जागेवरच पुसून त्यात लिहितो, त्याच्यामुळे होतं. सीपीने वरून फाइल टाकली तरी होतं. सेड -आय किंवा एमव्हीने नवी फाइल जुनीच्या जागी येते, तेव्हा चालू असलेला बॅश उघडलेली जुनी फाइलच वाचत राहतो आणि काही बिघडत नाही. पण कोण कसं सेव्ह करेल यावर आपला ताबा नसतो. फंक्शनमध्ये गुंडाळलं की ताबा येतो: बंद होणाऱ्या कंसापर्यंत पूर्ण वाचल्याशिवाय डेफिनिशन पूर्ण होत नाही, म्हणजे शेवटच्या कॉलपर्यंत सगळं काम मेमरीत आलेलं असतं. मग खुशाल फाइल बदला. एक फट उरते ती अशी की मुख्य संपल्यावर बॅश फाइलमध्ये आणखी काही आहे का ते बघायला जातो. लांब चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कॉलच्याच ओळीवर अर्धविराम देऊन एक्झिट लिहा. त्याच ओळीवर हवं, कारण बॅश ती ओळ आधी पूर्ण वाचून घेतो. खालच्या ओळीवर लिहिलंत तर त्याचा उपयोग नाही.

इंटरनेटवरून ओढून थेट बॅशकडे पाइप करायच्या इन्स्टॉलर स्क्रिप्ट्सही याच कारणाने फंक्शनमध्ये गुंडाळलेल्या असतात. जोडणी मध्येच तुटली तर मोकळ्या स्क्रिप्टचा अर्धा भाग चालून जातो. आरएम -आरएफपुढचा लांब पाथ जिथे तुटेल तिथपर्यंतचाच पाथ खरा मानला जातो. फंक्शनचा बंद कंस आलाच नाही तर नुसती सिंटॅक्स एरर येते आणि काहीही चालत नाही.

सिंटॅक्सवरून आठवलं. मोकळ्या स्क्रिप्टमध्ये दीडशेव्या ओळीवर इफ बंद करायला विसरलात तर आधीच्या एकशे एकोणपन्नास ओळी चालून गेल्यावर ते कळतं. निम्मं काम झालेलं, निम्मं राहिलेलं, आणि पुन्हा चालवावं की नाही हा प्रश्न. सगळं फंक्शन्समध्ये असेल तर ही चूक मुख्यचा कॉल येण्यापूर्वीच पकडली जाते. बॅश -एनने न चालवता तपासता येतं हे खरं, पण ते करायची आठवण घाईच्या वेळी राहत नाही.

आता मोकळा कोड फंक्शनमध्ये हलवताना लागणाऱ्या ठेचा.

फंक्शनमध्ये दिलेलं व्हेरिएबल लोकल म्हटल्याशिवाय ग्लोबलच राहतं. लोकल म्हटलं तरी त्या फंक्शनने बोलावलेल्या पुढच्या फंक्शन्सना ते दिसतं. सी किंवा पायथनमधून आलेल्यांना हे विचित्र वाटतं. याचा सगळ्यात जास्त फटका ट्रॅपला, म्हणजे स्क्रिप्ट संपताना आपोआप चालायला सांगून ठेवलेल्या कमांडला बसतो. मुख्यमध्ये तात्पुरती डिरेक्टरी बनवली, तिचं नाव लोकल ठेवलं आणि बाहेर पडताना ती पुसायला एक्झिटचा ट्रॅप लावला. मुख्य संपून स्क्रिप्ट शेवटाला पोचते तेव्हा ट्रॅप चालतो, पण तोवर लोकल नाहीसं झालेलं असतं. सेट -यू ('किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब' अशी सूचना) असेल तर 'अनबाउंड व्हेरिएबल' अशी तक्रार येते, नसेल तर रिकाम्या नावावर आरएम चालतं. ट्रॅपला लागणारं नाव ग्लोबल ठेवा. ट्रॅप लावण्याची ओळ मुख्यमध्ये, डिरेक्टरी बनल्याबरोबर. ती फाइलच्या माथ्यावर आणि सफाईचं फंक्शन तळाला असं असेल तर मधल्या भागात स्क्रिप्ट पडल्यावर ट्रॅपलाच 'कमांड नॉट फाउंड' मिळतं.

सेट -ई वापरत असाल तर शेवटची ओळ साधी ठेवा. मुख्यच्या कॉलपुढे दोन उभ्या रेघा देऊन 'फसलं तर मेल पाठव' असं लिहायचा मोह होतो. तसं केलं किंवा कॉल इफमध्ये टाकला की मुख्य आणि त्याने बोलावलेल्या सगळ्या फंक्शन्समध्ये सेट -ई निष्प्रभ होतं. आत टार फसला तरी पुढची ओळ चालेल. बॅकअप फसून जुने_काढ चालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मेल पाठवायचाच असेल तर तो एक्झिटच्या ट्रॅपमधून पाठवा.

फंक्शनच्या आत फंक्शन लिहू नका. बाहेरचं एकदा चाललं की आतलं सगळ्या स्क्रिप्टला दिसायला लागतं. खाजगी असं काही होत नाही, फक्त वाचायला अवघड होतं. इफमध्ये मात्र डेफिनिशन खुशाल ठेवा. डेफिनिशन ही कमांड असल्याचा इथे उलट फायदा मिळतो. फाइलचा आकार लिनक्सवर स्टॅट -सीने मिळतो आणि मॅकवर स्टॅट -एफने. कुठल्या सिस्टिमवर आहोत ते एकदा बघून आकार नावाचं फंक्शन इफच्या एका फांदीत एका पद्धतीने, दुसऱ्या फांदीत दुसऱ्या पद्धतीने डिफाइन केलं की बाकी स्क्रिप्टला कशाचा पत्ता लागत नाही.

आणि दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट असेल तर यातलं काहीच नको. सरळ वरून खाली लिहा.

राहिला दुसऱ्या सहकाऱ्याचा मुद्दा. वेगळी फाइल तेव्हाच काढावी, जेव्हा दुसऱ्या स्क्रिप्टला तीच फंक्शन्स खरोखर लागतात. एकाच स्क्रिप्टसाठी काढली तर फायदा काही नाही आणि सर्व्हरवर एक फाइल पोचली, दुसरी राहिली हा नवा त्रास मागे लागतो. काढलीच तर तिला नुसत्या नावाने सोर्स करू नका. क्रॉन स्क्रिप्ट तुमच्या होम डिरेक्टरीतून सुरू करतो, स्क्रिप्ट जिथे आहे तिथून नाही. पूर्ण पाथ द्या किंवा बॅश-सोर्स या ॲरेच्या पहिल्या घटकातून डिरेक्टरी काढा. त्या फाइलमध्ये फक्त डेफिनिशन्स असाव्यात, सोर्स केल्यावर काही घडता कामा नये. आणि ती 'बॅशआरसी'मध्ये टाकून काम भागेल असं समजू नका: ती फाइल संवादी शेलसाठी आहे, स्क्रिप्ट ती वाचत नाही. क्रॉनटॅबमधली (क्रॉनच्या वेळापत्रकातली) ओळ तर मुळात एसएचकडे जाते. उबंटूवर 2006 पासून आणि डेबियनवर 2011 च्या स्क्वीझपासून एसएच म्हणजे डॅश, त्यामुळे शेबँगमध्ये बॅशचं नाव स्पष्ट लिहा, आणि डेफिनिशनच्या आधी फंक्शन हा शब्द न लिहिता नुसतं नाव आणि कंस हीच पद्धत ठेवा. ती दोघांनाही समजते.

फंक्शन योग्य जागी असूनही 'नॉट फाउंड' येतं अशी एक जागा आहे: सुडो, एक्सआर्ग्स, फाइंडचा -एक्झेक, टाइमआउट. या वेगळ्या प्रोग्राम आहेत, त्या पाथमधली फाइल शोधतात. तुमच्या शेलमधली नोंद त्यांना दिसत नाही. फंक्शन एक्सपोर्ट -एफने पुढच्या बॅशला देता येतं, म्हणजे एक्सआर्ग्समधून बॅश -सी चालवून त्यात ते बोलवायचं. हा निर्यातीचा मार्ग म्हणजेच सप्टेंबर 2014 मधल्या शेलशॉक या सुरक्षेतल्या त्रुटीचं मूळ: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आलेली डेफिनिशन नोंदवताना बॅश तिच्या पाठीमागे चिकटवलेला कोडही चालवून टाकायचा. ते तेव्हाच दुरुस्त झालं, पण सुडो एन्व्हायर्नमेंट साफ करत असल्याने तिथे हा मार्ग तसाही चालत नाही. सुडोसाठी त्या कामाची वेगळी छोटी स्क्रिप्टच करावी. दुसऱ्या मशीनवर एसएसएचने फंक्शन न्यायचं असेल तर डिक्लेअर -एफ त्याचा पूर्ण मजकूर छापतं. तो मजकूर, मग अर्धविराम, मग फंक्शनचं नाव, एवढं पलीकडच्या बॅशला पाठवलं की झालं.

पुढेमागे दोन-तीन फाइल्स सोर्स व्हायला लागल्या आणि एकाच नावाची दोन फंक्शन्स भिडली, तर जी डेफिनिशन नंतर चालली तीच लागू असते, कुठलीही सूचना न येता. नेमकी कुठली ते शोधायला शॉप्टने एक्स्टडीबग चालू करा आणि डिक्लेअर, कॅपिटल एफ आणि फंक्शनचं नाव द्या. ओळीचा क्रमांक आणि फाइलचं नाव समोर येतं.